गुपित फोडणे

खोपोलीकडून जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढू लागलं की वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले आणि एसटीचे चालक इथे गाडीचा वेग कमी करतात, खिडकीतून एखादं नाणं देवळाच्या दिशेने टाकतात आणि मगच पुढचा चढ घेतात. हा देव पुराणातला नाही. त्याची कथा घाटाखाली खालापूर तालुक्यात आणि घाटावर मावळात सारख्याच भक्तीने सांगितली जाते. इंग्रजांना मुंबईहून पुण्याकडे जाण्यासाठी घाटातून मार्ग काढायचा होता. कुणी म्हणतं गाडीरस्ता, कुणी म्हणतं आगगाडीचा मार्ग. साहेबांची मोजमापं चालू होती, पण चढ कुठून सोपा पडतो ते उमगत नव्हतं. तेव्हा घाटात जनावरं चारणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली. साहेब खूश झाला आणि म्हणाला, बक्षीस माग. शिंग्रोबाने देशाचं स्वातंत्र्य मागितलं. त्याला गोळी घालण्यात आली.

बोरघाट काही इंग्रजांच्या काळात सापडलेला नाही. घाटमाथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे इथे दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली गेली ती कोकणातल्या बंदरांकडून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आधारानेच. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग घाटावर चढला. सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. सुरुंगांवर सुरुंग उडवून डोंगर फोडला गेला. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. कागदावर नावं राहिली ती साहेबांची. मजुरांची नावं कुणी लिहिली नाहीत. लोकांनी मात्र घाटाच्या वळणावर देऊळ बांधलं ते वाट दाखवणाऱ्या धनगराचं.

या कथेतल्या क्रियापदाकडे पाहा. घाटातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं ज्ञान एका स्थानिक माणसाने परक्या सत्तेच्या हाती दिलं. त्या ज्ञानावर त्या सत्तेची पकड घट्ट झाली. तरीही शिंग्रोबाने घाटाचं गुपित फोडलं असं एकही मावळकर म्हणत नाही. 'वाट दाखवली' एवढंच म्हणतात, आणि नाणं टाकतात. मराठी माणूस 'फोडणे' हे क्रियापद कुठे वापरतो आणि कुठे हात आखडता घेतो, हे समजून घ्यायला मावळाइतका चांगला मुलूख दुसरा नाही. इथे डोंगरातली वाट हेच शतकानुशतकं सगळ्यांत मोठं गुपित होतं.

झाकलेली गोष्ट दुसऱ्याला कळवण्यासाठी मराठीत क्रियापदांची वाण नाही. सांगणे, कळवणे, जाहीर करणे, उघड करणे, उघडे पाडणे, उघडकीस आणणे, वाच्यता करणे, बोभाटा करणे, चव्हाट्यावर मांडणे. एकाच्या जागी दुसरं घातलं की वाक्याचा नूरच बदलतो. 'वाच्यता' बहुतेक वेळा नकारातच येते: याची कुठे वाच्यता करू नका. 'उघड करणे' आणि 'उघडे पाडणे' यांत दिसायला थोडासा फरक आहे, पण पहिल्यात गोष्ट उघड होते आणि दुसऱ्यात माणूस उघडा पडतो. 'जाहीर करणे' यात चोरी नाही, कारण जाहीर करणाऱ्याचा तो अधिकारच असतो. निकाल जाहीर होतो, तोच आदल्या दिवशी बाहेर आला तर फुटतो.

'फोडणे'ची खूण अशी. 'मी तिला गुपित सांगितलं' या वाक्यात गुपित अजून गुपितच आहे, फक्त ते राखणारे एकाचे दोन झाले. 'मी तिचं गुपित फोडलं' म्हटलं की सगळं संपलं. या वाक्यातला 'तिचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठीत फोडलं जाणारं गुपित बहुतेक दुसऱ्याचंच असतं. स्वतःचं गुपित कुणी फोडत नाही. ते आपण सांगून टाकतो, कबूल करतो, त्यानिमित्ताने मन मोकळं करतो. कितीही काळ दडवलेली आणि कितीही लाजिरवाणी गोष्ट असली, तरी ती ज्याची त्याने सांगितली तर 'फोडली' हा शब्द तिथे बसत नाही. म्हणजे या क्रियापदात मालकीचा प्रश्न आधीच बांधलेला आहे. गोष्ट कुणाची होती, कुणी विश्वासाने कुणाकडे ठेवली होती, आणि ती बाहेर गेल्यावर कुणाचं नुकसान झालं, ही तिन्ही उत्तरं गृहीत धरूनच 'फोडणे' तोंडातून निघतं. शिंग्रोबाच्या बाबतीत यातलं एकही जुळत नाही. वाट त्याच्या पायाखालची होती, त्याने कुणाला शब्द दिलेला नव्हता, आणि कथेत नुकसान झालं ते त्याचंच.

दुसरी खूण परत न येण्याची. फुटलेलं मडकं जसं सांधता येत नाही, तसं फुटलेलं गुपित पुन्हा झाकता येत नाही. संस्कृतातही हीच जाणीव आहे. दोघांत ठरलेली मसलत तिसऱ्याच्या कानावर गेली, म्हणजे सहा कानांत पडली, की तिचा भेद होतो, असं जुनं सुभाषित सांगतं. आपण 'षट्कर्णी होणे' म्हणतो ते तिथूनच आलं. भेद म्हणजे भिद्, फोडणे. दोन्ही भाषांना गुपित बाहेर जाणं हे फुटण्यासारखंच वाटलं. ज्याच्याजवळ काहीच टिकत नाही अशा माणसासाठी मराठीत वेगळाच वाक्प्रचार आहे: त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीळ भिजायला लागतो तेवढाही वेळ तोंड बंद राहत नाही.

फुटणे–फोडणे ही जोडी मराठीच्या जुन्या घडणीची आहे. तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, फाटणे–फाडणे या तिच्या बहिणी. पहिलं रूप आपोआप घडणारं, दुसऱ्याला कर्ता लागतो. मूळ संस्कृत धातू 'स्फुट्'. कळी उमलणं, तडा जाणं आणि स्पष्ट होणं हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. व्याकरणकार भर्तृहरीने शब्दातून अर्थ कसा प्रकटतो हे सांगताना 'स्फोट' हीच संज्ञा वापरली. मराठीत हा पसारा किती वाढला ते बघायला घराबाहेर जावं लागत नाही. झाडाला पालवी फुटते, बियाला कोंब फुटतो, गाईला पान्हा फुटतो, भीतीने घाम फुटतो, खडकाला पाझर फुटतो, पुढे गेल्यावर वाटेला वाट फुटते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. या म्हणीत लपवणं आणि फुटणं समोरासमोर उभी आहेत, आणि तिथे फुटणाऱ्याच्या बाजूने सगळं गाव आहे.

पण याच जोडीत एक पळवाटही आहे. 'फुटणे'ला कर्ता लागत नाही. बातमी फुटली. पेपर फुटला. मतं फुटली. कुणी फोडलं, ते वाक्यात येतच नाही. परीक्षेचा पेपर ही काही पिकून फुटणारी शेंग नव्हे. त्यामागे कुलूप उघडणारा एक हात असतो, मोबाइलवर फोटो काढणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसरा. अभ्यास करून बसलेल्या मुलामुलींचं वर्ष त्यात जातं आणि मथळ्यात मात्र पेपर स्वतःहून फुटलेला असतो. मला वाटतं, अशा जागी बातमीदारांनी हट्टाने 'फोडला' लिहावं आणि कर्त्याची जागा रिकामी दिसू द्यावी. रिकामी दिसली की ती भरण्याची मागणी होते.

आता मावळात परत येऊ. १६६१ सालच्या सुरुवातीला शायिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला कोकणात उतरायला पाठवलं. बरोबर माहूरची सरदारीण रायबागन होती. खानाने राजमाची–बोरघाटाचा रुळलेला रस्ता सोडला आणि लोणावळ्याच्या दक्षिणेला कुरवंड्याची अडचणीची वाट धरली. आज तिथे नागफणीचा सुळका पाहायला पर्यटक जातात. या वाटेने आपण गुपचूप खाली पोहोचू असा त्याचा हिशेब असावा. शिवाजीमहाराजांच्या हेरांनी त्या चालीचा माग काढला. फेब्रुवारीत फौज घाट उतरून उंबरखिंडीच्या जंगलात शिरली तेव्हा पुढची आणि मागची दोन्ही तोंडं मावळ्यांनी धरलेली होती. दोन्ही बाजूंना चढण आणि झाडी, मध्ये अरुंद पट्टा, पाण्याचे हाल. एरवी पराभूत सैन्य वाट फुटेल तिकडे पळतं. इथे वाटच फुटत नव्हती. रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने तो मानला, आणि सगळं साहित्य व खंडणी टाकून जीव घेऊन जायची परवानगी मिळवली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या काव्यात हा प्रसंग विस्ताराने आला आहे.

खानाच्या चालीला 'फुटली' म्हणावं का? माझ्या मते नाही. हेरांनी ती काढली. शत्रूची गोष्ट मिळवण्यासाठी मराठीत वेगळी शब्दसंपदा आहे: सुगावा लागणे, कुणकुण लागणे, माग काढणे, बातमी काढणे. यातल्या 'काढणे'त कष्ट आहेत. बातमी काढणारा बाहेरून आत जातो. बातमी फोडणारा आत बसूनच बाहेर देतो. गुप्तहेर आणि घरभेदी यांना आपण एका मापाने मोजत नाही, आणि भाषा हे माप क्रियापदातच ठेवते.

मावळातल्याच वडगावची गोष्ट मात्र फुटण्याची आहे, आणि तिथे फोडणारा माणूस शोधूनही सापडत नाही. रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज १७७८ च्या हिवाळ्यात बोरघाट चढून आली. हजारो बैल, तोफा, दारूगोळा. चाल इतकी मंद की खंडाळ्याहून कार्ल्याला यायलाच दिवसच्या दिवस गेले. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी लढाईला तोंड न देता मुलूख ओसाड करत माघार घेतली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याचं कौतुक करून त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं, आणि वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली तर गाव जाळून टाकलेलं. दाणा नाही, चारा नाही. पुणं जेमतेम अठरा मैलांवर होतं, पण पुढे गेलं तर चिंचवडही असंच जळालेलं मिळेल, आणि पुण्याचीही तीच तयारी आहे, अशा खबरा होत्या.

११ जानेवारीच्या रात्री इंग्रज अधिकाऱ्यांनी गुपचूप मागे फिरायचं ठरवलं. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या. नेता येत नव्हता तो सरंजाम पेटवून दिला. मग अंधारात फौज निघाली. एकीकडे गुप्तता आणि दुसरीकडे पेटलेली कोठारं! शत्रूचे स्वार चहूबाजूंनी घिरट्या घालत असताना हजारो माणसं आणि हजारो बैल रात्रीतून निसटतील ही कल्पनाच कशी केली, याचं नवल वाटतं. पहाटे दोनच्या सुमाराला आघाडीवर गोळ्या येऊ लागल्या. पिछाडी कॅप्टन हार्टलीने नेटाने सांभाळली म्हणून फौज वडगावापर्यंत तरी पोहोचली. तिथे ती पुरती वेढली गेली आणि जानेवारीच्या मध्याला वडगावचा तह झाला. तहात १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचं आणि रघुनाथरावांना मराठ्यांच्या हवाली करण्याचं कलम होतं. कंपनीने हा तह पुढे मानला नाही, ती वेगळी कथा. भाषेच्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते असं: या रात्री 'बेत फुटला' हेच शब्द योग्य. फोडणारा कुणीच नव्हता. बेत आपल्याच वजनाने फुटला.

आतून फोडणाऱ्यासाठी मराठीने अरबी–फारसीतून 'फितूर' घेतला आणि तो इतका आपलासा केला की आज न्यायालयाच्या बातम्यांतही 'साक्षीदार फितूर झाला' हेच वाक्य येतं. गंमत अशी की साक्षीदार फितूर होतो तो बहुधा तोंड बंद केल्यामुळे. किल्लेदार फितूर व्हायचा तो तोंड किंवा दरवाजा उघडल्यामुळे. पण दोन्हीकडे दिलेला शब्द मोडलेला असतो आणि शब्दाचं बळ तिथेच आहे. मावळात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची असे किल्ले एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभे आहेत. त्यांची खरी ताकद तटापेक्षा वाटांच्या माहितीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानला आहे. गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, रोजच्या राबत्याला हव्यात तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, अशी सूचना आहे. गडाच्या घेऱ्यातली झाडी वाढवायची आणि तिची एक काठीही तोडू द्यायची नाही, हेही तिथेच आहे. म्हणजे गुपित दगडाने चिणलेलं आणि वर झाडीने झाकलेलं. अशी दिंडी कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्या इमानावर सगळा गड उभा. 'गड फोडणे' आणि 'गडकरी फोडणे' यांत दुसरं काम किती स्वस्त पडतं हे सगळ्याच सत्तांना कळत होतं. माणूस 'फोडला' जातो, मग तो 'फुटतो', आणि मग गुपित 'फोडतो'. एकच धातू तीनदा येतो, आणि पहिला घाव माणसावर पडतो. आजही आमदार फोडणे हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत अगदी सहज येतो.

'गुपित' या नामाकडेही पाहायला हवं. ते 'गुप्त'वरून आलं आणि 'गुप्त' हे 'गुप्', म्हणजे राखणे, यावरून. संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक याहून एक पायरी खाली जातात. त्यांच्या मते 'गुप्' हा मुळातला धातू नव्हे, तो 'गोपा' या शब्दावरून मागाहून तयार झाला. गोपा म्हणजे गाई राखणारा, गुराखी. आधी गुरं राखणं, मग नुसतं राखणं, मग राखून ठेवणं, मग झाकून ठेवणं. गुपिताच्या मुळाशी असा एक राखणदार उभा आहे. घाटातल्या वाटाही अशाच माणसांनी राखल्या. कुठल्या नाळेला पावसाळ्यात पाणी येतं, कुठल्या ढोरवाटेने ओझ्याचं जनावर उतरू शकतं, हे नकाशात यायच्या फार आधी गुराख्यांच्या आणि धनगरांच्या पायांत होतं.

काही गुपितं मात्र अशी की ती राखणारं कुणीच उरलेलं नसतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. लेण्याशेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांनी ती शतकानुशतकं पाहिली, वाचता मात्र कुणालाच येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली आणि त्यानंतर एकेका लेण्यातले लेख बोलू लागले. कार्ल्याच्या लेखांचं वाचन आधी जॉन स्टीव्हन्सन यांनी आणि पुढे अधिक काटेकोरपणे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी केलं. त्यातून कळलं की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपातलं ते सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलं. धेनुकाकट इथल्या यवनांनी खांब दान दिले. लेण्याचं त्या काळचं नाव वलुरक. आणि या परिसराचा उल्लेख येतो तो 'मामाल' असा. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ, ही व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती कानाला गोडही लागते. पण अभ्यासक मावळ हे नाव या 'मामाल'शी जोडतात.

कामशेतजवळच्या पाले गावात एका गुहेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस असाच एक ब्राह्मी लेख उजेडात आला. हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचला. सुरुवातीला अर्हंतांना नमस्कार आहे, आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंताने पाण्याची पोढी खोदवल्याची नोंद आहे. बौद्ध लेण्यांनी भरलेल्या मावळात महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांपैकी एक मिळाला, तो असा. या कामाला मराठी 'फोडणे' कधीच लावत नाही. लिपी उलगडते, लेख उकलतो. गुंतलेला दोरा न तोडता मोकळा करणं, घडी न फाटता उघडणं, ही ती क्रियापदं आहेत. व्याकरणात तेवढी आपण संधीची 'फोड' करतो, पण तिथे कुणाचं काही जात नाही.

'फोडणे' आदराने वापरलं जातं ती जागा मात्र एक आहे, आणि ती मावळाला लागून असलेल्या मुळशीत फार ठळकपणे दिसते. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतलं तेव्हा पन्नासहून अधिक गावांतल्या मावळ्यांची भातखाचरं, घरं आणि देवळं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यामुळे 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले, पुण्यातली वर्तमानपत्रं धडाडून लिहू लागली. धरण थांबलं नाही. पण मुळशीकरांच्या दुःखाला वाचा फुटली, आणि ती बापट–भुस्कुट्यांनी फोडली, असं आपण म्हणतो आणि मान देऊन म्हणतो.

इथल्या विभक्तीकडे लक्ष द्यावं. 'त्यांचं गुपित फोडलं' यात षष्ठी आहे. जे त्यांचं होतं ते गेलं. 'त्यांच्या दुःखाला वाचा फोडली' यात चतुर्थी आहे. जे त्यांच्याकडे नव्हतं ते मिळालं. क्रियापद तेच, आधीच्या शब्दाचा प्रत्यय बदलला, आणि विश्वासघाताची उपकारबुद्धी झाली. व्याकरण शिकवताना विभक्ती ही पाठ करायची गोष्ट आहे असा आपला समज करून दिला जातो, आणि तो दूर करायला एवढं एक उदाहरण पुरेल.

वर्तमानपत्रांनी अलीकडे 'गौप्यस्फोट' हा जड शब्द रूढ केला आहे. पत्रकार परिषदेत नेता गौप्यस्फोट करतो. त्यात तोच 'स्फुट्' धातू असला तरी शब्दाची लाज गेलेली आहे. 'मी गुपित फोडलं' असं कुणी छाती पुढे काढून सांगत नाही, पण गौप्यस्फोट मात्र आदल्या दिवशी वेळ जाहीर करून होतो. बरेचदा त्यात गुपितही नसतं. मी हा शब्द शक्यतो टाळतो, कारण त्याच्या आवाजात 'उघडकीस आणणे' हे साधं आणि मोलाचं क्रियापद ऐकू येईनासं होतं.

उघडकीस काहीतरी आणावं लागतं, म्हणजे ते आधी शोधावं लागतं, आणि ते सहसा गैरकृत्यच असतं. कुणाचं पुण्यकर्म उघडकीस आलं असं आपण म्हणत नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी हे काम कागदांच्या आधाराने करत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर मावळातल्या जमिनींचे भाव आभाळाला भिडले, आणि सातबारा, फेरफार, खरेदीखतं यांच्या थप्प्यांत काय काय चाललं आहे हे गावात कुजबुजीने सगळ्यांना ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी. शेट्टी माहितीच्या अधिकारात अर्ज करत, कागदांच्या नकला मिळवत, त्या एकमेकांशी ताडून पाहत आणि तक्रार दाखल करत. त्यात त्यांनी कुणाचा विश्वास मोडला नाही. सरकारी दप्तरातला कागद मुळात लोकांचाच आहे, आणि २००५ च्या कायद्याने तो तीस दिवसांत मागणाऱ्याच्या हाती द्यायला हवा. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना तळेगावातच त्यांचा खून झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला.

अशा माणसांसाठी मराठी वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा जुना शब्द पुन्हा वापरात आणला, आणि तो फार चांगला आणला. गावगाड्यात जागल्या रात्रीची गस्त घालायचा. गाव झोपलेलं असताना चोराची चाहूल लागली तर हाळी द्यायचं काम त्याचं. गाव राखणाऱ्याच्या हुद्द्याचं नाव आज गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्याला मिळालं आहे. या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं निघाली नाही.